पारा का उतरला? प्युई द दोम, १९ सप्टेंबर १६४८

‘पास्कलने डोंगरावर पारा नेला आणि हवेला दाब असतो हे सिद्ध केले.’ विज्ञानाच्या पुस्तकांत हे प्रकरण बहुधा एवढ्यावरच उरकलेले असते. या वाक्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच गणितज्ञ त्या डोंगरावर, फ्रान्समधल्या प्युई द दोमवर, गेलाच नाही. तो पॅरिसमध्ये राहत होता, प्रकृतीने कायमचा नाजूक होता, आणि चढाईचे काम त्याने थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर सोपवले होते. दुसरा अर्धा भाग चूक नाही, पण त्यात या प्रकरणाचा खरा मुद्दा निसटतो. हवेच्या वजनावर पाऱ्याचा स्तंभ तोललेला असतो, असे म्हणणारे लोक आधीही होते. पण नुसते म्हणणे आणि ते म्हणणे खोटे ठरू शकेल अशा जागी नेऊन उभे करणे यांत फरक आहे. तो फरक १६४८ सालच्या त्या शनिवारी कसा पडला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

पंपाची मर्यादा

दट्ट्या वर ओढला की त्याच्या मागोमाग पाणी नळीतून वर चढते. असे पंप सतराव्या शतकात युरोपात सर्रास वापरात होते. पाणी का चढते याचे उत्तरही शाळाशाळांतून ठरून गेलेले होते: निसर्गाला पोकळी खपत नाही. दट्ट्यामागे रिकामी जागा होऊ नये म्हणून पाणी आपला खाली जाण्याचा स्वभाव सोडून वर धावते. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला यात काहीच खटकण्यासारखे नव्हते.

खटकले ते पंपाशी रोज काम करणाऱ्यांना. पाणी साधारण अठरा ब्राच्चोपर्यंत (ब्राच्चो हे लांबीचे इटालियन माप) चढे, म्हणजे दहा मीटरच्या थोडे वर. मग पंप कितीही चांगला असो, ते पुढे सरकत नसे. (आपल्याकडे खोल विहिरीवर मोटर काठावर ठेवून चालत नाही, ती आत टप्प्यावर उतरवावी लागते, ती याच मर्यादेमुळे.) निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे हे मान्य केले, तरी तो तिटकारा अठरा ब्राच्चोंवर अचानक संपतो कसा?

गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात ही अडचण मांडली आणि उत्तरही दिले. लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ एका मर्यादेनंतर स्वतःच्या वजनाने तुटतो, असे त्याचे म्हणणे होते. उत्तर चतुर आहे, पण कारण अजूनही स्तंभाच्या आत आहे: वर काहीतरी धरून ठेवते आहे आणि ते पुरे पडत नाही. जिनोआच्या बालियानीने १६३० मध्येच गॅलिलिओला पत्राने वेगळी कल्पना कळवली होती. वरून कोणी ओढत नसेल, बाहेरची हवा आपल्या वजनाने पाण्याला वर ढकलत असेल, आणि तिचे वजन जेवढे तेवढेच पाणी चढत असेल. गॅलिलिओने ती कल्पना उचलली नाही. हवेला वजन आहे हे त्याने स्वतः प्रयोगाने दाखवले होते, तरीही. मोठा माणूस उत्तराच्या इतक्या जवळ येऊन दुसऱ्याच वाटेने का गेला, याचे मला अजून नवल वाटते.

टॉरिचेलीच्या दोन नळ्या

रोममध्ये १६४० च्या आसपास गास्पारो बेर्ती याने घराच्या भिंतीला लांबलचक शिशाची नळी लावून, तिच्या टोकाला काचेचा फुगा बसवून पाण्याचा स्तंभ उघडपणे दाखवला. पाणी ठराविक उंचीवर थांबले आणि वर जागा मोकळी राहिली. ती जागा खरोखर रिकामी आहे का, हे पाहण्यासाठी आत घंटा बसवली गेली. तिचा आवाज बाहेर ऐकू आला, आणि पोकळी न मानणारे खूश झाले. घंटा ज्या आधारावर टांगली होती त्या आधारातूनही आवाज बाहेर येऊ शकतो, हा मुद्दा तेव्हा मागे राहिला.

पाण्याऐवजी पारा घेतला तर दहा मीटरची नळी लागत नाही, कारण पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओच्या जागी आलेला एव्हान्जेलिस्टा टॉरिचेली आणि त्याचा तरुण सहकारी विव्हियानी यांनी १६४४ मध्ये हे केले. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरायची, उघड्या टोकावर बोट धरून ती उलटी करायची आणि पाऱ्याच्या भांड्यात बुडवून बोट काढायचे. पारा थोडा खाली येतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो.

हा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. त्यातली खरी हुशारी मात्र क्वचित सांगितली जाते. टॉरिचेलीने नळ्या दोन प्रकारच्या घेतल्या: एक सरळ, दुसरी वरच्या टोकाला मोठा फुगा असलेली. वरची पोकळी पाऱ्याला ओढून धरत असेल, तर फुगेवाल्या नळीत पोकळी जास्त आहे, म्हणून ओढही जास्त हवी. पारा दोन्हीकडे एकाच पातळीवर उभा राहिला. म्हणजे कारण नळीच्या आत नाही. ११ जून १६४४ रोजी रोममधील आपल्या मित्राला, मायकेलांजेलो रिच्ची याला, त्याने लिहिले की आपण हवेच्या महासागराच्या तळाशी बुडून राहतो आहोत.

रिच्चीने शंका काढल्या, आणि त्या पोरकट नव्हत्या. भांड्यावर घट्ट झाकण घातले तर वरच्या हवेचे वजन पाऱ्यावर पडणार नाही, मग पारा खाली का येत नाही? टॉरिचेलीने उत्तरात लोकरीचा दाखला दिला. वजनाखाली दाबलेल्या लोकरीच्या थप्पीत मध्येच लोखंडी पत्रा सरकवला, तरी पत्र्याखालची लोकर दाबलेलीच राहते. झाकणाखालची हवाही तशीच आधीच दाबलेली असते. उत्तर बरोबर होते. पण पत्रापत्री तिथेच थांबली. टॉरिचेलीने यावर काही छापले नाही. गॅलिलिओला १६३३ मध्ये झालेल्या शिक्षेला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती, आणि पोकळीचा विषय धर्मपंडितांच्या दृष्टीने निरुपद्रवी नव्हता.

बातमी फ्रान्समध्ये पोहोचली ती मारें मेर्सेन या मिनिम पंथाच्या साधूमुळे. निम्म्या युरोपातल्या विद्वानांची पत्रे त्याच्या खोलीतून इकडून तिकडे जात. त्याने पॅरिसमध्ये प्रयोग करून पाहिला आणि तो फसला, कारण पाऱ्याचा भार पेलेल अशी काच तिथे मिळेना. रुआँ शहरात चांगला काचकारखाना होता. पास्कलचे वडील तिथे करवसुलीचे सरकारी काम पाहत. ऑक्टोबर १६४६ मध्ये प्येर पती हा अभियंता रुआँहून जात असताना त्याने आणि पास्कलने मिळून प्रयोग यशस्वी केला. पास्कल तेव्हा तेवीस वर्षांचा होता. कल्पनेच्या इतिहासात काचकारागिरांची नावे येत नाहीत, पण ते नसते तर पुढचे काही घडले नसते.

पास्कलने तिथेच न थांबता ४६ फूट लांबीच्या काचनळ्या करवून घेतल्या, त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधून उभ्या केल्या आणि लोकांदेखत एकदा पाणी व एकदा लाल मद्य भरून दाखवले. यात एक सापळा होता. वरची जागा द्रवाच्या वाफेने भरते आणि ती वाफ द्रवाला खाली ढकलते, असे काहींचे म्हणणे होते. मद्याची वाफ पाण्यापेक्षा सहज होते, तेव्हा त्यांच्या मताप्रमाणे मद्य जास्त खाली यायला हवे. वजनाचा हिशेब खरा असेल तर मद्य हलके म्हणून ते जास्त उंच राहायला हवे. पास्कलने प्रेक्षकांकडून आधी अंदाज घेतले आणि मग नळ्या उलट्या केल्या. मद्य उंच राहिले.

एकात गुंतलेले दोन प्रश्न

इथे वाद एका गाठीत अडकला होता. पहिला प्रश्न: पाऱ्याच्या वरची जागा रिकामी आहे का? दुसरा: पाऱ्याला त्या उंचीवर कोण धरून ठेवते? बहुतेक जण दोन्हींचे उत्तर एका दमात देत. पण हे दोन प्रश्न सुटे आहेत, आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे ठरत नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तचे उदाहरण घ्या. त्याच्या मते विस्तार म्हणजेच पदार्थ, तेव्हा रिकामी जागा ही कल्पनाच अशक्य. काचेच्या छिद्रांतून अतिसूक्ष्म द्रव्य आत शिरून ती जागा भरते. पण पारा हवेच्या वजनामुळे उभा राहतो, हे त्याला बिनतक्रार मान्य होते. उलट पास्कलने ऑक्टोबर १६४७ मध्ये छापलेल्या छोट्या पुस्तिकेत जागा रिकामी दिसते असे म्हटले, पण पारा का थांबतो याविषयी तो अजून जुन्याच भाषेत बोलत होता: निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, फक्त तो मर्यादित आहे. म्हणजे या दोघांत पहिल्या प्रश्नावर पुरोगामी एक आणि दुसऱ्यावर दुसरा. सप्टेंबर १६४७ मध्ये देकार्त पॅरिसला आला असताना आजारी पास्कलला दोन दिवस लागोपाठ भेटला. तेव्हा तिथे हजर असलेल्या गणितज्ञ रोबेर्वालशी देकार्तची चांगलीच खडाजंगी झाली.

पुस्तिका वाचून एत्येन नोएल या जेझुइट पंडिताने पास्कलला लिहिले की त्या जागेतून प्रकाश जातो, तेव्हा ती पदार्थच असणार. शुद्ध झालेली हवा काचेतून झिरपून आत जात असावी. पास्कलचे २९ ऑक्टोबर १६४७ चे उत्तर या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. एखाद्या गृहीतकातून दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी निघत असल्या, तरी तेवढ्याने ते खरे ठरत नाही, असे त्याने त्यात म्हटले. कारण तेच परिणाम दुसऱ्या गृहीतकातूनही निघू शकतात. पण दिसणाऱ्या एखाद्याच गोष्टीच्या विरुद्ध काही निघाले, तर ते खोटे आहे याची खात्री पटायला तेवढे पुरे. नोएलचे सूक्ष्म द्रव्य या कसोटीवर ना धड उभे राहत होते ना पडत होते. ते दिसत नाही, त्याला वजन नाही, त्याचा अडथळा होत नाही. मग ते आहे असे मानायचे कशाच्या आधारावर?

पण ही तलवार दोन्ही बाजूंनी चालते. हवेचा दाब हेही तोवर एक गृहीतकच होते. टॉरिचेलीच्या नळीत जे दिसे ते दाबातून निघत होते आणि ‘मर्यादित तिटकाऱ्या’तूनही निघत होते. दोघांची ताटातूट होईल अशी जागा शोधायला हवी होती.

मेहुण्याला पत्र

पास्कलचे जन्मगाव क्लेरमाँ. त्याच्या पश्चिमेला प्युई द दोम हा विझलेला ज्वालामुखी उभा आहे. समुद्रसपाटीपासून १,४६५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडा ठेंगणा, पण शहरापासून त्याची चढण हजार मीटरच्या आसपास. त्याच्या बहिणीचा नवरा फ्लोरँ पेरिए क्लेरमाँच्या करविषयक न्यायालयात सल्लागार होता. १५ नोव्हेंबर १६४७ या तारखेच्या पत्रात पास्कलने त्याला सांगितले की एकाच दिवसात, त्याच नळीने आणि त्याच पाऱ्याने, डोंगराच्या पायथ्याशी आणि माथ्यावर अनेकदा प्रयोग करून पाहा. माथ्यावर पारा खाली राहिला तर कारण हवेचे वजनच, कारण पायथ्याशी अंगावर हवा जास्त असते. पायथ्याशी निसर्ग पोकळीचा जास्त तिरस्कार करतो आणि माथ्यावर कमी, असे तर कोणी म्हणणार नाही.

शेवटच्या वाक्यातच सगळी खुबी आहे. तिटकारा हा निसर्गाचा स्वभाव असेल तर तो जागेनुसार बदलायला कारण नाही. वजन हे कारण असेल तर ते उंचीनुसार बदलायलाच हवे. पारा जागचा हलला नाही तर पास्कल हरणार, हलला तर जुनी शाळा हरणार. प्रयोगाआधी दोन्ही बाजूंचे भाकीत कागदावर आले होते.

त्यानंतर दहा महिने काहीच झाले नाही. पेरिए कामानिमित्त मुलँला अडकला होता आणि माथ्यावर बर्फ व धुके होते. १९ सप्टेंबर १६४८ च्या पहाटे पाचच्या सुमारास हवा बेभरवशाची होती, पण माथा मोकळा दिसत होता. पेरिएने तो दिवस हातचा जाऊ द्यायचा नाही असे ठरवले.

त्या दिवशी काय केले

सकाळी आठ वाजता मंडळी मिनिम साधूंच्या मठाच्या बागेत जमली. शहरातली ही जवळजवळ सर्वांत सखल जागा. पेरिएसोबत होते मठातले फादर बानिए, कॅथेड्रलचे कॅनन (धर्माधिकारी) मोनिए, न्यायालयातले सल्लागार ला व्हिल आणि बेगाँ, आणि वैद्य ला पोर्त. पेरिएने सोळा पौंड पारा आणला होता आणि तो आधीचे तीन दिवस खपून शुद्ध केला होता. एकाच जाडीच्या, चार-चार फूट लांबीच्या दोन काचनळ्या होत्या. दोन्ही एकाच भांड्यात शेजारी शेजारी उलट्या केल्या. पारा दोन्हींत एकाच पातळीवर थांबला: २६ इंच आणि साडेतीन लीन्य. (फ्रेंच इंच आपल्या नेहमीच्या इंचापेक्षा किंचित मोठा, सुमारे २७ मिलिमीटर; त्याचा बारावा भाग म्हणजे लीन्य.) तेच पुन्हा करून पाहिले आणि आकडा तोच आला.

मग एक नळी तिथेच खिळवून ठेवली, पाऱ्याच्या पातळीवर खूण केली आणि फादर शास्तँ यांना तिच्याजवळ दिवसभर बसवले. पारा हलतो का, एवढेच त्यांनी पाहायचे. माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत महत्त्वाचे काम या बसून राहणाऱ्या साधूने केले. डोंगरावर पारा उतरला असता आणि खाली नळीच नसती, तर कोणीही म्हटले असते की तेवढ्या वेळात हवामान बदलले, म्हणून उतरला. खालची नळी ही त्या आक्षेपाची आधीच केलेली तजवीज होती. आज प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रण म्हणतात, ते १६४८ मध्ये एका मठाच्या बागेत बसले होते.

बाकीचे दुसरी नळी घेऊन चढले. माथ्यावर पारा थांबला २३ इंच २ लीन्यवर. फरक ३ इंच दीड लीन्य, आजच्या मापात ८५ मिलिमीटरच्या जवळपास. आपण सगळे आश्चर्याने थक्क झालो, असे पेरिएने लिहिले आहे, आणि स्वतःच्या समाधानासाठी प्रयोग आणखी पाच वेळा केला: माथ्यावरच्या छोट्या चॅपेलमध्ये आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, हवा स्वच्छ असताना, आणि पाऊस-धुके आले तेव्हा. दर वेळी नळीतली हवा काळजीपूर्वक काढून. आकडा बदलला नाही. उतरताना वाटेत लाफाँ द लार्ब्र या ठिकाणी पुन्हा मोजले, तिथे २५ इंच. माथ्यापेक्षा जास्त, पायथ्यापेक्षा कमी, जसा असायला हवा तसा. खाली आल्यावर फादर शास्तँ यांनी सांगितले की दिवसभर कधी शांत, कधी पाऊस, कधी धुके, कधी वारा असूनही पारा हलला नाही. डोंगरावरून आणलेली नळी तिथे पुन्हा लावली: २६ इंच साडेतीन लीन्य.

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रलमधल्या फादर द ला मार यांनी सुचवले की हेच मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि टोकावर करून पाहावे. वीस त्वाज, म्हणजे सुमारे ३९ मीटर उंचीवर पारा दोन लीन्यने उतरला. बातमी कळताच पास्कलने पॅरिसमध्ये साँ-जाक मनोऱ्यावर आणि एका घराच्या नव्वद पायऱ्यांवर तेच करून पाहिले. मनोऱ्यावर दोन लीन्यहून जास्त फरक पडला, पायऱ्यांवर अर्धा लीन्य. आता कोणालाही डोंगराची गरज उरली नव्हती. गावच्या देवळाच्या मनोऱ्यावरही हे पडताळता येत होते.

पेरिएचा २२ सप्टेंबरचा अहवाल वाचताना त्याची घडणच वेगळी जाणवते. शाळांमधल्या जुन्या तत्त्वज्ञानात ‘अनुभव’ म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली, नेहमी घडणारी गोष्ट: जड वस्तू खाली पडते, अग्नी वर जातो. पेरिए असे काही सांगत नाही. तो सांगतो की अमुक तारखेला, अमुक बागेत, या या माणसांसमोर, एवढा पारा घेऊन, असे घडले. हवा कशी होती हेही सांगतो. एकदाच घडलेल्या घटनेला सर्वांसाठी पुरावा बनवायचे असेल तर इतका तपशील द्यावाच लागतो. साक्षीदारांत साधू होते, न्यायालयातली माणसे होती, वैद्य होता. खटल्यात ज्यांची साक्ष मानली गेली असती, तशीच माणसे निवडलेली होती.

काय ठरले आणि काय नाही

पास्कलने १६४८ संपण्याआधी पत्र आणि अहवाल एकत्र छापले आणि जुने मत सोडल्याचे जाहीर केले. इतक्या सर्वमान्य मतापासून दूर जाताना आपल्याला खेद होतो, पण पुराव्यापुढे इलाज नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले. वर्षभरापूर्वी तो स्वतः ‘मर्यादित तिटकारा’ म्हणत होता, हे लक्षात घेतले तर हा खेद केवळ शिष्टाचार वाटत नाही.

ठरले ते इतकेच: पाऱ्याला धरून ठेवणारी गोष्ट उंचीनुसार कमी होते. पोकळी खरी की खोटी, हा प्रश्न जसाच्या तसा राहिला. देकार्तला पारा उतरल्याचे कळले तेव्हा त्याला आपल्या मताचे समर्थनच मिळाले. हवेचे वजन त्यालाही हवे होते, पोकळी नको होती, आणि डोंगराने पोकळीविषयी एक अक्षर काढले नव्हते. त्याच सुमारास रोबेर्वालने कार्प माशाचा हवा काढून बांधलेला फुगा नळीच्या वरच्या रिकाम्या जागेत सोडून दाखवला. तो आपोआप फुगला. फुग्यात उरलेली थोडीशी हवाच पसरली, असा त्याचा अर्थ. म्हणजे हवेला वजन आहे तसा ताणही आहे. वजनाच्या हिशेबात न बसणारी ही गोष्ट पुढे रॉबर्ट बॉइल आणि रॉबर्ट हुक यांच्या हवापंपापर्यंत गेली.

आकड्यांकडेही जरा संशयाने पाहायला हवे. माथ्यावर वारा, पाऊस, धुके यांत दर वेळी अर्ध्या लीन्यचाही फरक पडला नाही? बागेतली नळी इतक्या बदलत्या हवेत दिवसभर जराही हलली नाही? पेरिएने पुढे १६४९ ते १६५१ या काळात क्लेरमाँमध्ये रोज नोंदी ठेवल्या, पॅरिसमध्येही तशाच ठेवल्या गेल्या, आणि स्टॉकहोममध्ये फ्रेंच राजदूत शानू व खुद्द देकार्त यांनी काही ठेवल्या. त्या नोंदींतून दिसले की पारा एकाच जागी दिवसागणिक चांगलाच वरखाली होतो. तेव्हा त्या शनिवारचा स्थिरपणा हा थोडा नशिबाचा भाग असावा आणि थोडा आकडे गोल करण्याचा. निष्कर्षाला यामुळे धक्का लागत नाही. ८५ मिलिमीटरचा फरक अशा चुकांत लपण्याइतका लहान नाही. हजारेक मीटरच्या चढणीला आजच्या हिशेबाने जो फरक यायला हवा, त्याच्याशी तो ठीक जुळतो.

सूचना कोणाची?

इथे प्रकरणाला एक कडवट बाजू आहे. १३ डिसेंबर १६४७ रोजी, म्हणजे प्रयोगाच्या नऊ महिने आधी, देकार्तने मेर्सेनला लिहिले होते की डोंगराच्या माथ्यावर पारा तितकाच चढतो का ते पाहा, असे आपण पास्कलला सुचवले होते, त्याने केले की नाही कोण जाणे. १६४९ मध्ये त्याने पुन्हा तक्रार केली की कल्पना आपली होती आणि निकालही आपल्याला कळवला गेला नाही. पास्कलने छापील मजकुरात देकार्तचे नाव घेतले नाही. मेर्सेनलाही डोंगराची कल्पना सुचली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका फ्रेंच अभ्यासकाने तर आरोप केला की १५ नोव्हेंबरचे पत्र पास्कलने नंतर रचून मागची तारीख घातली. त्यावर बराच वाद झाला आणि तो पुरता मिटला असे म्हणता येत नाही.

मला वाटते, देकार्तने सुचवले असणे अगदी शक्य आहे. सप्टेंबर १६४७ च्या त्या भेटीत पाऱ्याखेरीज दुसरा मोठा विषयच नव्हता. पण सुचणे आणि रचणे निराळे. खाली राहिलेली नळी, तोच पारा परत खाली आणून मोजणे, मधल्या उंचीवरचे माप, पाच प्रकारच्या हवेत पाच वेळा प्रयोग: हे कोणाच्या एका वाक्यातून आलेले नाही. यातले बरेचसे बहुधा पेरिएचे स्वतःचे असावे, आणि त्याचे नाव आज कोणाला आठवत नाही. वायुदाबाच्या एककाला मिळाले ते पास्कलचे. टॉरिचेली २५ ऑक्टोबर १६४७ रोजी ३९ व्या वर्षी वारला होता. पॅरिस, रुआँ आणि फ्लॉरेन्सला जोडणारा मेर्सेन १ सप्टेंबर १६४८ रोजी गेला, प्रयोगाच्या अठरा दिवस आधी.

पास्कल १६६२ मध्ये वारल्यावर, १६६३ मध्ये पेरिएने त्याचे द्रवांच्या समतोलावरचे आणि हवेच्या वजनावरचे दोन निबंध छापून आणले. त्यांत पास्कलने पृथ्वीवरच्या सगळ्या हवेचे वजनही काढले आहे: आठ अब्ज अब्ज पौंडांच्या थोडे वर. आजच्या अंदाजाच्या तुलनेत ते सुमारे वीस टक्क्यांनी कमी भरते. काचेची नळी आणि पृथ्वीचा परीघ एवढ्या भांडवलावर केलेला हा हिशेब आहे.

पण याच निबंधांत पास्कल पाण्याखालचे प्रयोगही सांगतो. एक माणूस वीस फूट पाण्याखाली बसला आहे, मांडीवर काचेची नळी टेकवलेली आहे, तिचे दुसरे टोक पाण्याबाहेर आहे, आणि नळीखालचा मांसल भाग फुगून वर आला आहे. इंग्लंडमध्ये बॉइलने १६६६ मध्ये यावर लिहिताना सरळ विचारले की माणूस इतक्या खोल इतका वेळ राहिला कसा, आणि या प्रयोगांना लागणारी इतकी बिनचूक उपकरणे कोणत्या कारागिराने बनवली. पास्कलने हे प्रयोग प्रत्यक्ष केले असे कुठे स्पष्ट म्हटलेले नाही, हेही त्याने नोंदवले. निष्कर्षांशी त्याचे भांडण नव्हते, ते त्याला पटतच होते. पाण्याखालच्या त्या माणसाला नाव नाही, तारीख नाही, शेजारी उभा असलेला कोणी नाही. प्युई द दोमवरच्या प्रयोगाबाबत मात्र बॉइलला असा प्रश्न पडला नाही.